निसर्गावर सोपवून

२०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यातील एका शनिवारी आमच्या घरात एका शब्दावरून वाद झाला. मुंबईहून, प्राण्यांच्या डॉक्टरांकडून, आम्ही वसईला परतलो तेव्हा मातोश्री ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दहावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने पायरीवरूनच बातमी दिली, "आजी, आपली कापशी प्रेग्नंट आहे!" मातोश्रींनी सूप खाली ठेवले आणि म्हटले, "ती काय बाईमाणूस आहे? गाभण आहे असं म्हण." कन्येला तो शब्द मुळीच रुचला नाही. गाभण हा गोठ्यातला शब्द. कापशी तर घरातली, तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी निजणारी. त्या दिवशी हा वाद आम्ही हसण्यावारी नेला. पुढील दोन आठवड्यांत मात्र ध्यानात आले की, आमच्यासमोर उभ्या राहिलेल्या साऱ्या प्रश्नाची गाठ त्या एका शब्दापाशीच होती.

कापशी ही आमच्या घरची सशाची मादी. २०१७ च्या मे महिन्यात कन्येच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी तिच्या मामांनी बुटांच्या खोक्याला भोके पाडून त्यातून हे पांढरे पिल्लू आणले. आम्हांला कोणी विचारले नव्हते. भेटीला नाही म्हणणेही जमले नाही. पिल्लू पडवीत राहू लागले. मुळ्याचा पाला, कोथिंबीर, सुके गवत खाऊन ते वाढले आणि पाहता पाहता साडेपाच वर्षांचे झाले. पाळीव ससा साधारणतः आठ ते दहा वर्षे जगतो, हे लक्षात घेता कापशीचे तारुण्य केव्हाच सरले होते. तिला कधी पिल्ले व्हावीत असा विचार आमच्या मनात आला नाही. होऊ नयेत असा विचारही कधी आला नाही, आणि आमच्या अपराधाला खरी सुरुवात तिथेच होते.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमचे शेजारी वेलंकनी माउलीच्या यात्रेला गेले. जाताना त्यांनी आपल्या सशाचा पिंजरा आमच्या पडवीत ठेवला. तिचे नाव राणी. विकणाऱ्याने मादी म्हणून दिलेली, शेजाऱ्यांनी मादी म्हणून वाढविलेली. लहान सशाचे लिंग ओळखणे हे जाणत्यालाही चकविणारे काम आहे, हे आम्हांला पुढे समजले. दोघी मैत्रिणी होतील या समजुतीने आम्ही एका संध्याकाळी दोन्ही पिंजरे उघडले. पाठलाग झाला, उड्या झाल्या. आम्ही कौतुकाने पाहत राहिलो. सशाच्या मादीला ठरावीक दिवसांचे चक्र नसते. नराशी संबंध आल्यानंतर दहा-बारा तासांनी तिच्या शरीरात बीज सुटते. म्हणजे एक संध्याकाळ पुरेशी होती. राणी ही राणी नव्हती, हे यात्रेहून परतलेल्या शेजाऱ्यांना आम्हीच कळविले, तेही पंधरा दिवसांनंतर, कापशी गुरगुरू लागली व तिचे पोट हाताला निराळे लागू लागले तेव्हा.

अशा गर्भधारणेला 'अनियोजित' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द बरा दिसतो. पण योजना नव्हती ती कोणाची? त्या दोन जिवांना योजना करता येत नाही आणि मोडताही येत नाही. त्यांच्याकडून चूक होत नाही, पापही होत नाही. जे काही घडले त्यातील नैतिक भाग होता तो सारा आमच्या बाजूचा: पिंजऱ्याची कडी आमच्या हातात होती. माणसांच्या बाबतीत अशा प्रसंगी दोष कोणाचा, किती, कोणी कोणाला फसविले, असा हिशेब मांडता येतो व बहुधा तो बाईच्या माथी मारला जातो. इथे हिशेबाला दुसरी बाजूच नव्हती.

डॉक्टरांनी पोट चाचपले, सोनोग्राफी केली. चार पिल्ले. सशाचा गर्भकाळ सुमारे एकतीस दिवसांचा. त्यातील एकोणीस दिवस उलटले होते. आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसली. गर्भाशयाची भिंत एके ठिकाणी जाड वाटत होती. डॉक्टर म्हणाले, चार वर्षांपुढील मादीत गर्भाशयाचा कर्करोग हा नेहमीचा आजार आहे; काही जातींत तर निम्म्याहून अधिक माद्यांना तो होतो. म्हणूनच लहानपणी, पाच-सहा महिन्यांची असताना, गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला देतात. "तुम्हांला कोणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारले. आम्ही कोणाला विचारले नव्हते, हे उत्तर आम्ही दिले नाही.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, दोन-तीन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून पिल्लांसह गर्भाशय काढणे. गाभण असताना त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, सशाला भूल मानवतेच असे नाही, वय झालेले, अंगावर चरबी चढलेली. म्हणजे धोका होताच. दुसरी वाट, तिला विऊ देणे. आयुष्यातील पहिलेच वेत या वयात. एखादे पिल्लू आत अडकू शकते. शेवटच्या दिवसांत तिने खाणे सोडले तर रक्तात विष भिनू शकते. आणि त्यावेळी करावी लागणारी शस्त्रक्रिया थकलेल्या शरीरावर करावी लागेल. त्यांचा स्वतःचा कल पहिल्या वाटेकडे होता. पण ते म्हणाले, "मी मत सांगितलं. निर्णय तुमचा."

परतीच्या गाडीत टोपलीवर फडके टाकून आम्ही बसलो होतो. सहप्रवाशांनी चौकशी केली. सांगताच सर्वांचे एकमत झाले. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, वाडीत काम करणाऱ्या गड्याचेही नंतर तेच मत पडले: मुके जनावर आहे, त्याचे त्याला कळते, निसर्गावर सोडा. हे वाक्य इतक्या मायेने उच्चारले जाते की, त्याला विरोध करणारा माणूस क्रूर ठरतो. आम्हांलाही ते पटले. किंबहुना पटावे अशी आमची इच्छा होती.

परंतु कोणता निसर्ग? आपल्या शेताबांधांवर दिसणारा ससा निराळा. तो बिळात राहत नाही. गवतातच त्याची पिल्ले जन्मतात, अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी. आपण घरात पाळतो तो मूळचा युरोपातील, स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळे करणारा. त्याची पिल्ले आंधळी, उघडी, हातापायांत बळ नसलेली जन्मतात. मराठीने दोघांना एकच नाव दिले आहे, एवढेच त्यांचे आपल्याकडील नाते. कापशीला उद्या सोपाऱ्याच्या रानात सोडले तर संध्याकाळपर्यंत ती मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जाईल. एप्रिल-मेचा आपला उकाडा तर तिला पडवीच्या सावलीतही सोसत नाही. तिचा निसर्ग म्हणजे आमची पडवी. त्या निसर्गाचा कारभार आमच्याकडे होता.

हा प्राणी माणसाच्या घरात आला कसा, याची एक गोष्ट पुस्तकांतून फार वर्षे फिरत आहे, आणि आपल्या वाचकांना ती ठाऊक असलेली बरी. प्राचीन रोमन लोक सशाची न जन्मलेली किंवा नुकतीच जन्मलेली पिल्ले आवडीने खात. प्लिनीने त्याची नोंद केली आहे. गोष्ट अशी सांगतात की, इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी ही पिल्ले मांस नव्हेत असा निर्णय दिला, उपवासकाळात ती चालू लागली, आणि म्हणून फ्रान्समधील मठवासीयांनी आपल्या भिंतींच्या आत ससे पाळण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा असा कोणताही आदेश आढळला नाही. तूरचा बिशप ग्रेगरी या दुसऱ्याच ग्रेगरीने एका माणसाने उपवासकाळात सशाची पिल्ले खाल्ल्याचे लिहिले होते. त्याचा हा गुंता. पोपमहाशयांवरील आळ गेला याचा आम्हांला आनंद झाला. पण गोष्ट इतकी वर्षे टिकली, याचे कारण तिच्यात माणसाचा स्वभाव नेमका उतरला आहे, असेही वाटल्यावाचून राहिले नाही. न जन्मलेला जीव हा जीव की खाद्य, हे आपण आपल्या गरजेनुसार ठरवतो आणि मग त्यावर वरून शिक्का मिळवतो.

संत फ्रान्सिसचीही एक आठवण आहे. त्यांचे पहिले चरित्रकार, चेलानोचे थॉमस, यांनी लिहून ठेवले आहे की, ग्रेचो येथे एका बंधूने फासात सापडलेला जिवंत ससा त्यांच्याकडे आणला. फ्रान्सिसने त्याला, तू पकडला कसा गेलास, अशी मायेने विचारणा केली व जमिनीवर सोडले. ससा पुन्हा पुन्हा त्यांच्या मांडीवर येऊन बसे. अखेर त्यांनी त्याला जवळच्या रानात पोहोचविण्यास सांगितले. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण या वेळी तिच्यातील रान प्रथमच नजरेत भरले. फ्रान्सिसपाशी सशाला परत पाठवायला रान होते. आमच्यापाशी नव्हते. निसर्गावर सोपविणे याचा अर्थ आमच्या बाबतीत एवढाच होता की, आपण हात बांधून बसायचे आणि त्याला भलत्याचेच नाव द्यायचे.

शिवाय निसर्गाला आपण समजतो तशी माया असते, असेही नाही. सशाच्या मादीवर सुरुवातीच्या दिवसांत फार ताण पडला, तर तिचे शरीर गर्भ आतल्या आत जिरवून टाकते. तिथे कोणी हळहळत नाही.

रविवारी मिस्साहून परतताना कन्येने तो प्रश्न विचारला, ज्याची आम्ही शनिवारपासून वाट पाहत होतो व जो येऊ नये असे वाटत होते. "पोटातल्या बाळाला मारणं हे महापाप, असं आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. मग कापशीची चार बाळं? ती चालतात?"

उत्तर आम्हांला येत होते. मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे. गर्भातील बालक ही एक व्यक्ती आहे, तिचा जीव कोणाच्याही सोयीसाठी घेता येत नाही. पशूंना देवाने निर्माण केले, त्यांच्यावर त्याची माया आहे, पण ते व्यक्ती नव्हेत. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी काही परिच्छेद आहेत. अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करण्यास तिथे मुभा आहे. विनाकारण त्यांना यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे म्हटले आहे. आईचा जीव वाचविण्यासाठी सशाची पिल्ले काढणे हे विनाकारण नव्हते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात तर थेट या प्रसंगाजवळ जाणारा नियम आहे: वाटेत घरटे सापडले व पक्षीण पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घेण्यास हरकत नाही, परंतु आईला सोडून द्यावे. आईबापांचा मान राखणाऱ्याला दीर्घायुष्याचे जे अभिवचन आहे, तेच या क्षुल्लक वाटणाऱ्या नियमालाही जोडले आहे. संत थॉमस अक्वायनस अशा नियमांचा अर्थ लावतात तो असा की, पशूवर दया करण्याची सवय लागलेला माणूस माणसावरही दया करील. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी'मध्ये आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक जीव माणसाच्या उपयोगापलीकडे, स्वतःच्या ठायीही मोलाचा आहे, असे त्यांनी लिहिले.

हे सारे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग तुम्हांला वाईट का वाटतंय?"

इथे मातोश्रींच्या शब्दाकडे परत यावे लागते. मराठीत गाय गाभण राहते व विते. बाई गरोदर राहते व बाळंत होते. जनावराला पिल्लू होते, माणसाला बाळ. आपल्या पूर्वजांनी गोठा आणि माजघर यांच्यामध्ये शब्दांचा हा उंबरठा घातला, तो निर्दयपणाने नव्हे. ज्यांच्या घरात रात्री-अपरात्री कंदील घेऊन गाईपाशी बसणारी माणसे होती, त्यांनीच हे दोन शब्द वेगळे ठेवले. कन्येच्या इंग्रजी शब्दाने तो उंबरठा पुसला आणि म्हणून तिला पुढचा प्रश्न पडला. सशाच्या बाबतीत गर्भपात हा शब्द वापरू नये असे आमचे ठाम मत आहे. त्याने सशाची प्रतिष्ठा वाढत नाही. ज्या स्त्रियांनी त्या शब्दाखाली काय काय सोसले आहे, त्यांचे दुःख मात्र हलके होते. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. गाभण हा शब्द गर्भिणीपासूनच आला आहे. फळाचा गाभा तिथलाच, देवळाचा गाभाराही तिथलाच. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना घर एकच आहे. आम्हांला वाईट वाटत होते ते नियम मोडण्याच्या भीतीने नव्हे. आत काहीतरी होते आणि त्याला जगू द्यायचे की नाही हे आम्हांला ठरवायचे होते, म्हणून.

पैशाचा प्रश्नही होता, तो लपविण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, सोनोग्राफी, जाण्यायेण्याची गाडी धरून आठ-नऊ हजारांवर जात होता. ज्या ग्रंथाचा उल्लेख वर केला, त्यातच हेही सांगितले आहे की, माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, व माणसांनाच द्यावयाची माया प्राण्यांना देऊ नये. मातोश्रींनी ग्रंथ वाचला नव्हता, तरी त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशात शेजारच्या पोराची वर्षाची फी भरेल." त्यांचे चुकले नव्हते. पण आम्ही त्या मुलाची फी भरत होतो का? नव्हतो. कापशी आजारी पडली नसती तर भरणार होतो का? गरिबाचा वाटा आपल्याला फक्त दुसऱ्या कुणावर खर्च करायची वेळ आली की आठवतो.

आमच्या धर्मग्रामात पूर्वी सेवा केलेले एक वृद्ध धर्मगुरू निवृत्तीनंतर जवळच राहतात. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. सशासाठी धर्मगुरूंकडे जाणे कोणाला हास्यास्पद वाटेल; ते स्वतः हसलेही. मग त्यांनी विचारले, "तुम्ही घाबरता कशाला? ससा मरेल याला, की तुमच्या हातून मरेल याला?"

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी चहा मागवला, वेलंकनीच्या गर्दीविषयी विचारले, आम्हांला निरोप दिला.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर घरी येईपर्यंत मिळाले होते आणि ते आमच्या बाजूचे नव्हते. पिल्ले शस्त्रक्रियेत गेली तर ती आम्ही मारली, असे होईल. कापशी विताना गेली तर ती देवाने नेली, असे म्हणता येईल. आमचा सारा कल त्या दुसऱ्या वाक्याच्या सोयीकडे होता. कापशीचे हित कशात, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारीत होतो. पण आत चालले होते ते स्वतःचे हात स्वच्छ कसे राहतील याचे गणित. तिला विचारता येत नव्हते. शिकार होण्यासाठी जन्मलेला हा प्राणी दुखणे लपवीत असतो. तो कुरकुरत नाही, डोळ्यांतून सांगत नाही. आपण हवा तो अर्थ त्याच्यावर चढवावा.

हे कळूनही आम्ही लगेच ठरविले नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी डॉक्टरांचा दूरध्वनी आला तेव्हा आम्ही म्हटले, "आम्ही देवावर सोडलं आहे." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "मग व्यायला एक पेटी तयार ठेवा. आणि माझा नंबर रात्रीसाठीही लिहून ठेवा." त्या उत्तरात दोष नव्हता, म्हणूनच ते लागले. देवावर सोडताना आम्ही रात्रीची सोय मात्र दुसऱ्या माणसावर सोडली होती.

आम्ही पेंढ्याची पेटी केली. ३० सप्टेंबरच्या रात्री कापशीने गळ्याखालचे व पोटावरचे केस उपटून पेटीत मऊ थर रचला. ते पाहण्यासारखे होते. कोणी शिकविले नसताना साडेपाच वर्षांनी तिला ते येत होते. मातोश्री दोन वाजल्यापासून जपमाळ घेऊन पडवीत बसल्या. पहाटे तीन पिल्ले झाली. एक मोठे, थंड, मेलेले. दोन बोटाएवढी, गुलाबी, ऊन. चौथ्याचा पत्ता नव्हता. दिवस उजाडला तरी कापशी पिल्लांकडे फिरकली नाही. आम्ही तिला मनोमन निष्ठुर ठरविले, कन्या रडू लागली. डॉक्टरांनी सांगितले की, सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटेच पाजते आणि उरलेला वेळ मुद्दाम लांब राहते. शत्रूला घरट्याची वाट दिसू नये म्हणून. रात्री पिल्लांची पोटे गोल भरलेली दिसली. आईपणाचे आमचे माप तिला लावून आम्ही सकाळी निकाल दिला होता, तो मुकाट्याने मागे घेतला.

३ ऑक्टोबरला तिने खाणे सोडले. पाठ वर काढून ती कोपऱ्यात बसली. दात करकरत होते. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तर त्याची आतडी थांबू लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आदल्या पंधरवड्यात जी शस्त्रक्रिया सावकाश, तब्येत राखून करता आली असती, ती आता घाईने, अशक्त शरीरावर झाली. गर्भाशयात चौथे पिल्लू मेलेले होते. जाड झालेला भाग तपासणीस पाठविला. तो कर्करोगच निघाला, सुदैवाने पसरलेला नव्हता. गाडीत कन्येने आठवण करून दिली की आज संत फ्रान्सिसचा सण. त्यावर कोणी काही बोलले नाही. कापशी जगली. दुसऱ्या रात्री तिने पोटावरील टाक्यांसह पेटीत उडी मारली व पिल्लांना पाजले. पाचव्या दिवशी त्यांतील एक गेले, का ते समजले नाही. दुसरे वाचले.

नातेवाईक म्हणाले, बरे झाले, देवावर सोडलेत म्हणून एक तरी जीव हाती लागला. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच विषयावर निबंध लिहिले, आणि त्यातून नैतिक दैव ही कल्पना चर्चेत आली. माणसाच्या कृतीची बरीवाईट पारख पुष्कळदा त्याच्या हाती नसलेल्या परिणामांवरून होते. दोघे सारखेच बेफिकीरपणे गाडी हाकतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. ४ ऑक्टोबरला भूल उतरली नसती तर हेच नातेवाईक म्हणाले असते, डॉक्टर सांगत होते तेव्हा ऐकायचे होते. दोन्ही प्रसंगी आम्ही केलेली गोष्ट तीच राहिली असती: चार दिवस टाळाटाळ, व तिला दिलेले पवित्र नाव. आणि वाचलेले ते पिल्लू? डॉक्टरांचे ऐकले असते तर ते जगात नसते. हे आम्हांला अजूनही जुळविता येत नाही. ते समोर पडवीत गवत खात बसले असताना, झाले ते चुकीचे होते असे म्हणायला जीभ रेटत नाही. आणि झाले ते बरोबर होते असे म्हटले की कापशीचे ते करकरणारे दात आठवतात.

मातोश्रींनी पिल्लाचे नाव वाल ठेवले. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेऊन नर की मादी ते नक्की करून घेतले, नर निघाला, आणि चौथ्या महिन्यात त्याची शस्त्रक्रिया केली. कापशी आणखी सव्वा वर्ष जगली व २०२४ च्या जानेवारीत एका थंड सकाळी झोपेतच गेली.

त्याआधीची, २०२३ च्या ऑगस्टमधील गोष्ट. शेजारी पुन्हा वेलंकनीला निघाले होते. पिंजरा हातात घेऊन फाटकापाशीच उभे राहिले, आत यायला बिचकत. राणीचे नाव त्यांनी बदलले नव्हते. मातोश्रींनी विचारले, "त्याचं ऑपरेशन झालं?" ते म्हणाले, "जुलैत झालं, पहिल्या आठवड्यात." खच्ची केल्यावरही नरात काही आठवडे बीज शिल्लक राहते, हे आता आमच्या घरात सर्वांना पाठ होते. कापशीला त्याचे काही भय उरले नव्हते. तरी मातोश्रींनी सूप बाजूला ठेवून बोटांवर आठवडे मोजले, दोनदा मोजले, आणि मग फाटक उघडले.